दरवर्षी त्याच समुद्रगावी: तिथी, वही आणि मिठाचा बंदोबस्त

एखादं शांत समुद्रगाव मनात भरलं की दुसऱ्या वर्षी तिथे जाणं होतंच. दुसरी खेपही बरी जाते. बिनसतं ते तिसऱ्या खेपेला. तारीख तीच, खोली तीच, माणसं तीच. पण पहिल्या वर्षी सकाळी बाहेर पडलं की पायाखाली लांबलचक ओली, घट्ट वाळू असायची आणि आता त्याच वेळी पाणी थेट बांधाला टेकलेलं. चालायला जागा नाही, मुलांना खेळायला जागा नाही, आणि पाणी ओसरतं तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. मग "गाव आता पहिल्यासारखं राहिलं नाही" असं म्हणत लोक परततात. गाव असतं तिथेच. चंद्र सरकलेला असतो.

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांचा 'काय पाहायचं' हा प्रश्न सुटलेला असतो. त्याच्या जागी दुसरी कामं येतात: आठवडा नेमका धरणं, किनारा दरवर्षी नव्याने वाचणं, आणि खोली, सामान नि माणसं यांचा धागा वर्षभर तुटू न देणं. यातलं पहिलं काम सर्वांत जास्त दुर्लक्षित, म्हणून त्याच्याबद्दल जरा लांबण लावतो.

आठवडा तिथीवर धरा

हवा सूर्याने ठरते, पाणी चंद्राने. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे. यंदा ज्या तारखेला अमावस्या आहे, पुढच्या वर्षी त्या तारखेला तिथी साधारण अकराने पुढे गेलेली असते, दोन वर्षांनी बावीसने. भरती-ओहोटीचं चक्र पंधरा तिथींत एकदा फिरतं. बावीस तिथी म्हणजे दीड चक्र: उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) जागी भांगाची (लहान) भरती, आणि सकाळी सहाला जिथे पूर्ण ओहोटी असायची तिथे सकाळी सहाला भरती. तिसऱ्या खेपेचं कोडं ते हेच.

यावर उपाय भिंतीवरच्या तिथीच्या कॅलेंडरात आहे. भरती-ओहोटीची वेळ तिथीमागे सरासरी ४८ मिनिटांनी, म्हणजे बरोबर दोन घटकांनी, पुढे सरकते. पंधरा तिथींत बारा तास होतात, त्यामुळे एकाच किनाऱ्यावर अमावस्येची आणि पौर्णिमेची ओहोटी जवळजवळ एकाच वेळी येते. प्रत्येक किनाऱ्याचा असा एक स्वतःचा आकडा असतो: अमावस्येला किंवा पौर्णिमेला तिथे पाणी किती वाजता तळाला जातं. हा आकडा एकदा हाती आला की दरवर्षी उपयोगी पडतो.

आकडा काढायची पद्धत सोपी आहे. त्या गावाच्या किंवा सर्वांत जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून चार-पाच अमावस्या आणि चार-पाच पौर्णिमा निवडा. त्या दिवसांची सकाळची ओहोटीची वेळ लिहा आणि सरासरी काढा. समजा ती सकाळी सहा आली. मग त्या गावातली कुठल्याही तिथीची ओहोटी अशी निघते: पक्षातली तिथी गुणिले ४८ मिनिटं, अधिक सहा वाजता. द्वितीयेला ७ वाजून ३६ मिनिटं. षष्ठीला १० वाजून ४८. अष्टमीला दुपारी १२ वाजून २४. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच.

हा हिशोब आठवडा निवडण्यापुरताच वापरायचा, पाण्यात उतरण्यासाठी नाही. ४८ मिनिटं ही सरासरी आहे. उधाणाच्या दिवसांत रोजचा फरक ४० मिनिटांच्या आसपास असतो, भांगाच्या दिवसांत तासाहून जास्त. त्यामुळे सूत्राचं उत्तर तासाभराने चुकू शकतं. त्या दिवसाची खरी वेळ तक्त्यातूनच घ्यावी. सर्वांत मोठं उधाणही नेमकं अमावस्या-पौर्णिमेला येत नाही, बहुतेक किनाऱ्यांवर एक-दोन दिवसांनी येतं. शिवाय हे सगळं दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यांसाठी आहे. मेक्सिकोच्या आखातासारख्या काही ठिकाणी दिवसातून एकदाच भरती येते, आणि भूमध्य समुद्राच्या बहुतेक काठांवर पाणी इतकं थोडं वर-खाली होतं की तिथीचा विचार करायची गरजच नाही. तिथे वाऱ्याकडे लक्ष द्या.

आता आठवडा कशासाठी हवा ते ठरवा. सकाळच्या लांब फेरीसाठी ओहोटी सात ते अकराच्या दरम्यान हवी. वरच्या उदाहरणातल्या गावात प्रतिपदेला पोचून सप्तमीला निघालं की मधल्या पाचही सकाळी साधतात. मोठ्या ओहोटीचे दिवस सुरुवातीला येतात आणि शेवटी पाणी मऊ होत जातं. खडकांमधली डबकी, शेवाळं, खेकडे बघायचे असतील तर द्वितीया-तृतीया सोडू नका. लहान मुलं किंवा गुडघ्यांनी कुरकुरणारे आजी-आजोबा सोबत असतील तर सप्तमी ते दशमी बरी: पाणी फार पळत नाही, त्यामुळे बसायची जागा दर तासाला बदलावी लागत नाही.

शुद्ध की वद्य याने ओहोटीत फारसा फरक पडत नाही, रात्रीत पडतो. शुद्ध प्रतिपदेपासूनच्या आठवड्यात संध्याकाळी चंद्रकोर दिसते आणि रात्री उशिरा पूर्ण काळोख होतो, तारे पाहणाऱ्यांसाठी हाच आठवडा. वद्य प्रतिपदेपासूनच्या आठवड्यात पहिले दोन-तीन दिवस जेवण होईतो पुळणीवर चांदणं पसरलेलं असतं, मग चंद्र रोज उशिरा उगवू लागतो. घरात दोन्ही मतांची माणसं असतील तर भांडण नको. पुढचं वाचा, पक्ष आपोआप बदलतात.

तारखेला हे बसवायचं कसं? हवामानासाठी तारीख फार हलवता येत नाही, आणि सुदैवाने हलवावीही लागत नाही. पंचवीस पंधरवडे मिळून ३६९ दिवस होतात, म्हणजे एका वर्षाहून चार जास्त. यंदाच्या तारखेत चार दिवस मिळवले की पुढच्या वर्षी तीच ओहोटी मिळते, फक्त अमावस्येच्या जागी पौर्णिमा. किंवा अकरा दिवस मागे या, म्हणजे ओहोटीही तीच आणि पक्षही तोच. कॅलेंडरात पडताळा घ्या: २१ जानेवारी २०२३ ला अमावस्या होती, २५ जानेवारी २०२४ ला पौर्णिमा, २९ जानेवारी २०२५ ला अमावस्या, आणि मग १८ जानेवारी २०२६ ला पुन्हा अमावस्या. चार पुढे, चार पुढे, अकरा मागे. या क्रमात दर तीन वर्षांनी तारीख तीन दिवस मागे सरकते, म्हणून मधूनमधून अकरा मागे येण्याआधी तिसऱ्यांदाही चार पुढे जा. मग किती का वर्षं जाईनात, तुमची सहल एकाच पंधरवड्यात राहते. शनिवार-रविवार साधण्यासाठी एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी चालतं. तीन दिवसांपलीकडे गेलात की ओहोटी अडीच तासांनी सरकते आणि सकाळ हातची जाते.

शाळेच्या सुट्ट्यांशी बांधलेल्यांना एवढी मोकळीक नसते. त्यांनी निदान त्या सुट्टीतला कोणता आठवडा घ्यायचा ते तरी तिथी बघून ठरवावं.

पहिला दिवस: ओळखीच्या किनाऱ्याची नव्याने ओळख

जुन्या जागी बुडण्याचा धोका अनोळखी जागेपेक्षा कमी असतो असं वाटतं, आणि तिथेच चूक होते. नवखा माणूस विचारून पाण्यात उतरतो. दहा वर्षं येणारा माणूस दहा वर्षांपूर्वीच्या तळावर विसंबून उतरतो. वाळूचे दांडे, म्हणजे पाण्याखालचे लांबट उंचवटे, एका वादळात जागा बदलतात. गेल्या वर्षी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे यंदा डोक्यावरून जाईल असा खळगा असू शकतो. मोठ्या लाटांच्या मोसमात वाळू किनाऱ्यावरून ओढली जाऊन समोरच्या दांड्यात साठते आणि पुळण उभी, अरुंद होते. शांत मोसमात तीच वाळू परत येते आणि पुळण रुंद, सपाट होते. तेव्हा मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच किनारा दोन वेगळ्या आकारांत भेटतो.

म्हणून पोचल्यावर सामान टाकून थेट पाण्यात जाऊ नका. पहिली ओहोटी बघण्यासाठी ठेवा.

आधी उंचावर जा: टेकडी, बांध, गच्ची, काहीही. तिथून किमान वीस मिनिटं पाणी बघा. एवढा वेळ अशासाठी की मोठ्या लाटा गटाने येतात, मध्ये बराच वेळ शांत जातो. पाच मिनिटं बघणाऱ्याला नेमका शांत तुकडा दिसण्याची शक्यता जास्त. बघायचं काय? लाटा सगळीकडे पांढऱ्या फुटत असताना मध्येच एखादा पट्टा न फुटणारा, गडद, वरवर गुळगुळीत दिसतो. फेस किंवा गढूळ पाणी त्या पट्ट्यातून बाहेर, समुद्राकडे जाताना दिसतं. हा रिप करंट, म्हणजे किनाऱ्यावर चढलेलं पाणी समुद्रात परतण्याची वाट. गंमत अशी की न फुटणाऱ्या लाटांमुळे नवख्याला हीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते. या पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध किनारा गाठता येत नाही. सापडलात तर उलट झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहून लाटा फुटतात त्या बाजूने आत यायचं.

वहीत या जागा लिहिताना दोन रकाने करा. खडकाला, धक्क्याला किंवा खाडीच्या मुखाला लागून असलेला प्रवाह बहुधा दरवर्षी तिथेच सापडतो, त्या जागा कायमच्या वर्ज्य. उघड्या पुळणीवरचा प्रवाह मात्र वाळूच्या दांड्यातल्या फटीतून वाहतो आणि फट हलते. त्याची गेल्या वर्षीची नोंद यंदा कामाची नाही. दांड्यांच्या किनाऱ्यांवर ही ओढ साधारणपणे ओहोटीच्या सुमाराला जास्त जाणवते, तेव्हा सकाळची ओहोटी चालण्यासाठी ठेवा आणि डुंबणं पाणी वर आल्यावर.

मग ओहोटीच्या तळाशी पुळण एकदा चालून घ्या. कुठे खडक उघडे पडलेत, कुठे ओढ्याने वाट बदलली आहे, कुठे पाय रुतणारा चिखल आलाय, सगळं पायाला कळतं. सरतेशेवटी स्थानिक जीवरक्षक किंवा मासेमारी करणारे भेटले तर एकच प्रश्न विचारा: "यंदा कुठे बदल झालाय?" "इथे पोहणं सुरक्षित आहे का?" असं विचारलं की मोघम उत्तर मिळतं.

पाणी परत किती वेगाने चढतं याचाही अंदाज ठेवा. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास घ्या आणि एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. तीन मीटरचा फरक असलेल्या किनाऱ्यावर पहिल्या तासात पाणी २५ सेंटिमीटर चढतं आणि तिसऱ्या तासात ७५. पुळणीचा उतार पन्नासाला एक असेल तर त्या तिसऱ्या तासात पाण्याची कड साडेसदतीस मीटर आत येते, मिनिटाला दोन फूट. पहिल्या तासाभरात पाणी जेमतेम हललेलं बघून माणूस पिशवी तिथेच ठेवून डोळा लावतो, आणि जाग येते तेव्हा चप्पल तरंगत असते. कड्याखालच्या पुळणीवर गेलात तर ओहोटी पूर्ण होताच परत फिरा, तिसऱ्या तासाची वाट बघू नका.

वही

फोनमधली टिपणं चालतात, पण फोन बदलतो. शिवाय ओल्या हाताने तो उघडत नाही. जाड पुठ्ठ्याची एक वही आणि पेन्सिल ठेवा. पेनाची शाई ओल्याने पसरते. रोज चार ओळी पुरे:

- तारीख, तिथी, ओहोटीची खरी वेळ
- खारे वारे कधी सुरू झाले, कधी जोर धरला
- पाणी: गढूळ की स्वच्छ, जेलीफिश दिसले का, उतरता आलं का
- काय कमी पडलं, काय उगाच आणलं

शेवटची ओळ सर्वांत मोलाची. तीन वर्षांच्या या ओळी एकत्र वाचल्या की सामानाची यादी आपोआप निम्मी होते.

एक फोटो दरवर्षी त्याच जागेवरून काढा. जागा अशी हवी जी हलणार नाही, म्हणजे खडक, दगडी पायरी किंवा पुलाचा कठडा. फोन त्या कठड्यावर टेकवूनच काढा, हातात धरून नको. चौकटीत एक कायमची खूण (घराचा कोपरा, खडकाचं टोक) डावीकडे आणि क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात ठेवा. फोटोची वेळ घड्याळावर न ठरवता ओहोटीच्या तळाशी काढा, नाहीतर दोन वर्षांचे फोटो ताडून बघण्यात अर्थ राहत नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या कोस्टस्नॅप या उपक्रमात हेच करतात: किनाऱ्यावर फोन ठेवायची पक्की चौकट बसवलेली असते, येणारे-जाणारे फोटो काढून पाठवतात आणि त्यावरून संशोधक किनारा किती झिजला, किती भरला ते मोजतात. तुमच्या कठड्यावरूनही पाच-सात वर्षांत पुळण मागे सरते आहे की नाही ते दिसू लागेल. पुढे खोली कुठल्या बाजूला घ्यायची, हे ठरवायलाही ते फोटो कामी येतात.

खोली आणि घरमालक

पुढच्या वर्षीचं बुकिंग निघण्याआधी करा. परत गेल्यावर निवांत फोन करू म्हटलं की दोन महिने जातात आणि आठवडा जातो. चार पुढे की अकरा मागे हे आधीच काढून ठेवलेलं असेल तर हिशोब चुकता करतानाच तारखा देता येतात. तारखा लेखी द्या, निरोप म्हणून का होईना. तोंडी ठरलेली तारीख दोन्ही बाजूंना वेगवेगळी आठवते. आगाऊ रक्कम किती, रद्द केल्यास किती परत, कधीपर्यंत कळवायचं, ही तीन वाक्यं त्याच निरोपात असू द्या. ओळख जुनी आहे म्हणून ही वाक्यं टाळली जातात, आणि जुन्या ओळखी तुटतात त्या बहुधा याच कारणाने.

खोली नंबराने मागण्यापेक्षा गुणाने मागा: "सकाळचं ऊन न येणारी, पाण्याच्या नळाजवळची, खालच्या मजल्यावरची." नंबर धरून बसलात आणि ती खोली दुरुस्तीला निघाली तर मालकाची अडचण होते. गुण सांगितलेत तर तो दुसरी काढून देतो.

जुन्या गिऱ्हाइकाने दर पाडून मागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मागायचंच असेल तर वेळ मागा: लवकर आत यायची मुभा, शेवटच्या दिवशी उशिरापर्यंत न्हाणीघर, अडगळीत एक पेटी ठेवायला जागा. यात मालकाच्या खिशाला फारसं लागत नाही आणि तुमचा अर्धा दिवस वाचतो. बदल्यात त्याला उपयोगी पडेल असं एक काम करा: निघताना खोलीत काय मोडकं आहे ते सांगा. गळका नळ, न लागणारी खिडकी, शॉक देणारं बटण. बहुतेक पाहुणे गप्प बसून निघून जातात, त्यामुळे मालकाला ते पुढच्या तक्रारीपर्यंत कळतच नाही.

पेटी, आणि मिठाशी चाललेली लढाई

दरवर्षी तेच लागणारं सामान एका घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत वेगळं ठेवा, घरी किंवा मालक तयार असेल तर तिथेच. तिथे ठेवणार असाल तर कापड, औषधं, बॅटरी आणि खाण्याची कुठलीही वस्तू पेटीत राहू देऊ नका. बॅटरी फुगून पाझरते आणि खाण्याच्या वासाने उंदीर झाकण कुरतडतात.

पेटीचा खरा शत्रू मीठ. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. जाड टॉवेल अर्धा लिटर पाणी सहज पितो, म्हणजे वाळल्यावर त्यात सतरा-अठरा ग्रॅम, भरून तीन लहान चमचे मीठ उरतं. आणि ते स्वयंपाकघरातल्या मिठासारखं नसतं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, जे हवेतली ओल सतत ओढून घेतात. म्हणून उन्हात कडक वाळवलेला टॉवेलही पेटीत आठवड्याभरात चिकट होतो, वर्षभरात त्याला वास मारतो, आणि त्याच्या शेजारची चेन जाम होते.

नुसतं पाणी मारून हे मीठ निघत नाही, विरघळायला वेळ द्यावा लागतो. पद्धत अशी:

१. आधी वाळू पूर्ण सुकू द्या आणि झटका. ओली वाळू धुवायला गेलात तर ती शिवणीत जाऊन बसते.

२. बादलीभर गोड्या पाण्यात वस्तू वीस मिनिटं बुडवून ठेवा. चेन असेल तर पाण्यातच सात-आठ वेळा उघड-बंद करा.

३. ते पाणी फेकून दुसऱ्या पाण्यात पुन्हा पाच मिनिटं. एकाच पाण्यात सगळं बुडवत गेलात तर शेवटच्या वस्तू पुन्हा खारवतात.

४. सावलीत, वाऱ्यावर, सगळ्या घड्या उलगडून वाळवा. छत्रीचं कापड, तंबूचं कापड आणि पोहण्याचे कपडे उन्हात लवकर विरतात.

५. धातूच्या चेनवर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्याला वाळू चिकटते.

घडीच्या खुर्च्या घेताना सांधे बघा. ॲल्युमिनियमच्या नळीत लोखंडी स्क्रू असेल तर खाऱ्या पाण्यात लोखंडामुळे ॲल्युमिनियम झिजतं, सांध्यावर पांढरी भुकटी जमते आणि दुसऱ्या वर्षी खुर्ची उघडतच नाही. 'स्टेनलेस' लिहिलं म्हणून निश्चिंत होऊ नका; नेहमीच्या ३०४ प्रतीच्या पोलादावर समुद्राकाठी तांबूस ठिपके येतात, ३१६ प्रत बरीच जास्त टिकते. घेतलेली खुर्ची साधीच असेल तर प्रत्येक सांध्यातून गोडं पाणी जाऊ द्या, एवढ्यावरही ती चार-पाच मोसम काढते.

पेटी उघडल्यावर पहिल्या दिवशी ज्या वस्तू दगा देतात त्या ठरलेल्या आहेत. गेल्या वर्षीचं सनस्क्रीन: बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि १२ असा आकडा असेल तर उघडल्यापासून बारा महिने, त्यानंतर फेका, उन्हात तापलेली बाटली तर त्याआधीच. तसंही नियमाप्रमाणे लावलं तर ते उरत नाही, मोठ्या माणसाला अंगभर एका वेळी ३० ते ३५ मिलिलिटर लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा. दुसरी वस्तू, मुलांचं लाइफ जॅकेट. ते वजनावर ठरतं, मूल वर्षात पुढच्या गटात गेलेलं असतं. घालून बघा, खांद्यांच्या पट्ट्या धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पट्टे पुरत नसतील तर लहान. तिसरी, औषधांची मुदत.

छत्री रोवणं

एवढ्याशा कामात दरवर्षी कोणाचं तरी कपाळ फुटतं, म्हणून वेगळं लिहितो. सुकी वाळू काहीच धरून ठेवत नाही. आधी पायाने वरची सुकी वाळू बाजूला सारा, खालची काळपट ओली वाळू लागली की तिथे दांडा टेकवा. मग दाबू नका, पुढे-मागे डोलवत डोलवत खाली उतरवा. हातभर, म्हणजे निदान ४५ सेंटिमीटर, आत गेला पाहिजे, ६० झाला तर उत्तम. बाजूची वाळू ओली करून पायाने चेपा. वारा जिकडून येतो त्या बाजूला दांडा किंचित कलता ठेवा, म्हणजे वारा छत्रीच्या पाठीवर बसून तिला खाली दाबतो. उलट कलली तर वारा पोटात शिरतो आणि छत्री उडते.

दिवसा जमीन तापली की वारा समुद्राकडून वाहतो, तेव्हा छत्रीची पाठ बहुधा समुद्राकडेच येते. आपल्याला मात्र समुद्र बघायचा असतो, म्हणून लोक ती उलटी लावतात. सकाळी वारा नसतो तोवर हे खपून जातं, दुपारी खारे वारे जोर धरतात तेव्हा फसतं. समुद्रावर सगळीकडे पांढरे तुरे दिसू लागले, म्हणजे वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला, की छत्री मिटून आडवी टाका. त्याच सुमाराला सुकी वाळू उडून डोळ्यांत जाऊ लागते, त्यामुळे तसंही बसण्यात मजा नसते.

माणसं, आणि गाव दाखवायचा मोह

आवडत्या जागी मित्रांना न्यावंसं वाटतं. न्या, पण एका वेळी एकच कुटुंब, आणि पूर्ण आठवडा नको, शेवटचे तीन दिवस. पहिल्यांदा आलेल्याला 'पुढे काय' असा प्रश्न दर दोन तासांनी पडतो, आणि शांत गावाकडे त्याचं उत्तर नसतं. तीन दिवसांत ते निभावतं.

गावाच्या बाबतीत थोडंच सांगण्यासारखं आहे. वाळत घातलेल्या जाळ्यांवर बसू नये, ती ओलांडूही नयेत. पुळणीमागच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या वेली तुडवू नयेत, वाळू धरून ठेवतात त्या त्याच. कासवं अंडी घालायला येत असतील तर रात्री पुळणीवर विजेरी किंवा फ्लॅश नको: मादी उजेड बघून न घालताच परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालत सुटतात. खोलीचे समुद्राकडचे दिवेही त्या मोसमात बंद ठेवा.

शेवटचे दोन दिवस

धुण्याचं काम निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सुरू करा, निघायच्या दिवशी नाही. समुद्राकाठची हवा दमट, जाड कापड एका दिवसात वाळत नाही. संध्याकाळी डुंबण्यासाठी एकच जुना कपड्यांचा जोड बाहेर ठेवा, तो वेगळ्या पिशवीत ओलाच घरी जाईल. पेटी भरताना जड आणि धातूच्या वस्तू खाली, कापड वर, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या दोन कोपऱ्यांत. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर पुढच्या वर्षी काय विकत आणायचं ते लिहा, कारण वही घरी हरवते आणि झाकण हरवत नाही. त्याच कागदावर ठरलेल्या तारखा आणि तिथी.

पेटी घरी असेल तर पंधरा दिवसांनी ती एकदा उघडा. टॉवेल हाताला चिकट लागला किंवा चेन अडली, तर मीठ पुरतं निघालेलं नाही. तेवढीच वस्तू पुन्हा वीस मिनिटं बुडवा.